दार बंद, पुस्तक चालू

ग्रंथालयाला कुलूप लागले म्हणजे वाचन थांबलेच पाहिजे काय? मला तसे वाटत नाही.

सन २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील ग्रंथालये बंद झाली. ती उघडण्यास १५ ऑक्टोबरपासून परवानगी मिळाली. साथीत गर्दी टाळणे आवश्यकच होते. म्हणून त्या बंदीला मी नावे ठेवीत नाही. परंतु ज्या घरात एकही पुस्तक नाही, तेथील मुलांनी ते दिवस कसे काढावेत?

पुढे ग्रंथालये उघडली, तरी लहान मुलांच्या शाळा बंदच होत्या. अशा वेळी, जानेवारी २०२१ मध्ये, आपल्या छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) एका शाळकरी मुलीने पुस्तकविक्रेत्या वडिलांच्या साहाय्याने बायजीपुऱ्यात मोहल्ल्यातील मुलांसाठी वाचनालय काढले. एका मोहल्ल्यात लागलेले हे रोप वाढले आणि शहरात अशी तीसहून अधिक वाचनालये उभी राहिली.

कोणी म्हणेल, ‘पुस्तकांबरोबर रोगही घरी आला तर?’ ही शंका रास्त आहे. म्हणूनच त्या काळात अनेक देशांतील ग्रंथालये परत आलेली पुस्तके काही दिवस वेगळी ठेवीत आणि वाचकाला आत न घेता दारातच पुस्तक देत. सावधगिरी आणि सेवा यांचे वैर नाही.

मुलांनो, ग्रंथालय म्हणजे केवळ इमारत नव्हे. वाचकाच्या हाती पुस्तक पोचविणे हे त्याचे खरे कार्य. एका मुलीला जे साधले, ते मोठ्या ग्रंथालयांनी संकटकाळी आपले कर्तव्य मानावे. आणि तुम्ही? तुमचे वाचून झालेले पुस्तक आज कपाटात पडून आहे. ते शेजारच्या मुलाला कधी देणार?