क्षेपक आणि मूळ इंजिन

जुनी मोटार 'मूळ स्वरूपात' आणणे हा आम्ही आजवर श्रीमंतांचा छंद समजत होतो. गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांच्या १९६३च्या शेव्हरोले इम्पालात तिचे मूळ इंजिन आणि मूळ स्वयंचलित गिअरबॉक्स पुन्हा बसवण्यात आले. त्या कामाच्या वेळी आम्ही दोघे मराठीचे अध्यापक गॅरेजात नुसते बघे म्हणून उभे होतो. तेथे झालेला वाद मात्र आम्हांला फार ओळखीचा वाटला. एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना दरवर्षी निघतो, तोच तो वाद होता.

गाडीची हकीकत अशी. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि आठ सिलिंडरांच्या अमेरिकन गाड्या पोसणे सुखवस्तू माणसांनाही जड जाऊ लागले. आपल्याकडे अशा कितीतरी गाड्यांची पेट्रोल इंजिने उतरवून त्यांत डिझेल इंजिने चढवली गेली. स्नेह्यांच्या वडिलांनी १९७८ साली तेच केले. २८३ घनइंचांचे व्ही-८ इंजिन निघाले आणि त्याच्याबरोबर 'पॉवरग्लाइड' हा दोन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्सही निघाला. दोन्ही वस्तू पोत्यांत गुंडाळून गावच्या घरी गोठ्यात ठेवल्या गेल्या.

दोन्ही एकदमच का निघाल्या, हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे नाते केवळ बोल्टांचे नसते. इंजिनावर किती भार पडला आहे, हे या गिअरबॉक्सला एका बारीक नळीतून, इंजिनाच्या इनटेकमधल्या व्हॅक्यूमवरून कळते. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम मिळत नाही. म्हणजे इंजिन बदलले की गिअरबॉक्स बहिरा होतो. म्हणून हाताने बदलायचा गिअरबॉक्स आला, त्यासाठी क्लचचे तिसरे पेडल आले आणि पेडलासाठी पत्र्याला भोक पडले. ओवीतला एक शब्द बदलावा आणि मग यमकासाठी पुढचा चरणही बदलावा लागावा, तसेच हे झाले.

स्नेह्यांचे म्हणणे सरळ होते: डिझेल भंगारात द्या, भोक वेल्डिंगने बुजवा, वर रंग मारा, मध्ये काही घडलेच नाही असे दिसले पाहिजे. वयस्कर मिस्त्री म्हणाले, "साहेब, ते डिझेल नसतं ना, तर ही गाडीच भंगारात गेली असती. तुमच्या वडिलांनी तिला जगवलीय."

आमचे मत मिस्त्रींच्या बाजूचे आहे. पण ते अर्धेच.

एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये, असे बजावले. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली. पण तेवढ्याने नाथांची प्रत बाद होत नाही. तीच तर शतकानुशतके वाचली गेली. पाठाचा प्रवास हाही पाठाच्या इतिहासाचाच भाग असतो. तरीही संपादकाला निर्णय घ्यावा लागतो. क्षेपक ओळखू आले तर ते मूळ संहितेतून बाहेर काढणे हे त्याचे काम आहे. मात्र ते नष्ट करणे हे त्याचे काम नव्हे. ते तळटीपेत जाते. इम्पालातले डिझेल काढावे, असेच आम्हीही म्हणतो, कारण तिचा तो संथ, घसरत जाणारा वेग व्ही-८ आणि पॉवरग्लाइड यांच्या जोडीचाच आहे. पण गाडीलाही तळटीप हवी.

ऐतिहासिक वाहनांबाबतची ट्युरिन सनदही नव्याने घातलेला भाग सौम्य पण टिकाऊ खुणेने ओळखता यावा, असे सांगते. आपल्याकडच्या २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात बदल न झालेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. हेतू चांगला आहे. पण 'बदल झालाच नाही' असे दाखवण्याचा मोहही त्यातूनच जन्मतो.

मोहाचा आणखी एक प्रकार आम्ही प्रत्यक्ष पाहिला. गिअरबॉक्सच्या तोंडाशी टॉर्क कन्व्हर्टर हे तेलाने भरलेले गोल भांडे असते. ते फिरवत, दाबत आतल्या शाफ्टांवर आणि पंपाच्या खाचांत पूर्ण बसवावे लागते. ते बसले, तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडे हातानेच एकमेकांना भिडतात, आणि नंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरतो. थोडी फट उरली, तर बोल्ट आवळून ती मिटवता येते. बाहेरून काम नेटके दिसते. आत मात्र पंप चिरडला जातो. मिस्त्रींनी दोनदा गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवला. बोटभर फट होती, संध्याकाळ झाली होती, गिऱ्हाईक समोर उभे होते, तरी त्यांनी बोल्टाला हात लावला नाही. तिसऱ्या खेपेला तोंडे भिडली. न बसणारा पाठ अर्थाची ओढाताण करून बसवणारे संपादक आम्हांला आठवले. आमच्या स्वतःच्या काही टिपणांचीही आठवण झाली, हे कबूल केले पाहिजे.

अखेर तडजोड झाली. पेडलाचे भोक वेल्डिंगऐवजी बोल्टांनी बसवलेल्या पत्र्याने झाकले. तो पत्रा उद्या काढता येईल. डिझेल इंजिन पुसून, तेल लावून, लाकडी घोड्यावर त्याच गोठ्यात ठेवले. काय काढले, काय घातले, कोणता सुटा भाग नवा आहे, याची वही झाली. तिच्या पहिल्या पानावर स्नेह्यांनी वडिलांचे नाव आणि १९७८ हे साल लिहिले. ते लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

आरसी बुकात अजून डिझेलचाच क्रमांक आहे. तो रीतसर बदलायचा आहे. बदलण्याआधी त्या जुन्या पानाची छायाप्रत वहीत लावून ठेवा, एवढे आम्ही त्यांना सुचवले आहे.