भाकितं कसली, ती तर तक्रार होती

डग्लस अ‍ॅडम्सचं नाव निघालं की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "अहो, टॅबलेटचं भाकीत त्यानं १९७८ सालीच केलं होतं!" मग कानात घालायच्या त्या भाषांतरवाल्या माशाचा उल्लेख होतो, सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. विनोदी विज्ञानकथेचं हे असलं कौतुक मला खटकतं. त्यात विनोद गळून पडतो आणि हातात उरते ती उपकरणांची यादी. उपकरणं काय, ज्यूल व्हर्नच्या काळापासून सगळेच कल्पत आलेत.

'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही मालिका मार्च १९७८मध्ये बीबीसीच्या रेडिओ ४वर सुरू झाली. तिच्यातलं 'गाइड' इलेक्ट्रॉनिक आहे, त्याला पडदा आहे, हे खरंच. पण अ‍ॅडम्सला काय सांगायचं होतं? हे गाइड चुकांनी भरलेलं आहे, त्यात महत्त्वाच्या गोष्टी गायब आहेत, आणि तरीही भारदस्त, विश्वसनीय ज्ञानकोशापेक्षा ते जास्त खपतं. कारण ते थोडं स्वस्त आहे आणि मुखपृष्ठावर घाबरू नका असा दिलासा आहे. भाकीत म्हणायचंच तर ते हे. पडद्याला त्यात काडीचंही महत्त्व नाही. स्वस्त आणि गोड बोलणाऱ्या चुकीच्या माहितीपुढे महाग आणि रुक्ष बरोबर माहिती टिकत नाही, हे सांगायला संगणकातलं काही कळावं लागत नाही. बाजार आणि गिऱ्हाईक कळावं लागतं.

त्याच कथेतली सिरियस सायबरनेटिक्स कॉर्पोरेशन घ्या. या कंपनीनं यंत्रांना 'व्यक्तिमत्त्व' दिलं आहे. दारं उघडताना कृतकृत्य होऊन सुस्कारा सोडतात. जहाजाचा संगणक संकटातही उतू जाणाऱ्या उत्साहानं बोलतो. पेयाचं यंत्र तुमच्या जिभेची कसून तपासणी करतं आणि शेवटी चहा सोडून भलतंच काहीतरी कपात ओततं. गंभीर विज्ञानकथा त्या काळात, आणि आजही, यंत्र माणसावर उलटेल का याचीच काळजी वाहत होती. अ‍ॅडम्सचं यंत्र उलटत नाही. ते लाडिकपणे बोलतं आणि काम करत नाही. ग्राहकसेवेच्या चॅटबॉटनं तुमची तक्रार न सोडवता, हात जोडलेल्या इमोजीसह, "आणखी काही मदत करू का?" विचारलं असेल, तर दोघांपैकी कोण खरं ठरलं हे सांगायला नको.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: शंभर विनोद केले की चार खरे ठरायचेच. उपकरणांपुरतं ते कबूल. पण मरी लाइन्स्टरची 'अ लॉजिक नेम्ड जो' ही कथा पाहा. ती मार्च १९४६ची. एनिअ‍ॅक हा खोलीभर पसरलेला संगणक जगाला दाखवला गेला तो त्याच वर्षी, फेब्रुवारीत. या कथेत घरोघरी पडदा आणि कळफलक असलेली 'लॉजिक' आहेत, दूरच्या साठवणीला जोडलेली. त्यांतलं एक, जो, कारखान्यातल्या किरकोळ दोषामुळे कुणालाही कशाचंही उत्तर द्यायला लागतं. बायकोचा काटा काढायचाय? हा घ्या उपाय. आडकाठी करणारी व्यवस्था असते, ती बिनबोभाट बाजूला पडते. निवेदकाची जुनी मैत्रीण त्याला बरोब्बर हुडकून काढते. आणि हे सगळं बंद करा म्हटलं की तंत्रज्ञ सांगतो, बंद करता येणार नाही. याच्याशिवाय जगायचं कसं हे आपण विसरून गेलोय.

हे लाइन्स्टरला सुचलं कसं? मला वाटतं, याचं कारण त्यानं निवडलेल्या निवेदकात आहे. तो शास्त्रज्ञ नाही, लॉजिक कंपनीचा दुरुस्तीवाला आहे. घरोघरी फिरणाऱ्या दुरुस्तीवाल्याला यंत्र कसं चालतं यापेक्षा लोक ते कशाला वापरतात हे जास्त ठाऊक असतं. विनोदी लेखकाची जागा तीच.

आपल्याकडे या दोन गोष्टींची गाठ फारशी पडली नाही. मराठी विज्ञानकथेवर पहिल्यापासून प्रबोधनाची जबाबदारी. विज्ञान बरोबर आहे ना, दृष्टिकोन वैज्ञानिक आहे ना, याच्या तपासण्या. विनोद मात्र चिमणरावाच्या बिऱ्हाडी राहिला. त्या घरात कुणी एखादा यंत्रमानव हप्त्यानं आणून सोडला असता तर आपल्याला कदाचित आपला स्वतःचा अ‍ॅडम्स मिळाला असता. असो.

खरी अडचण पुढेच आहे. 'भाकीत' म्हटलं की टीका गायब होते आणि विनोद प्रशस्तिपत्र होऊन बसतो. २०२३च्या नोव्हेंबरात एक्सएआय कंपनीनं 'ग्रोक' हा चॅटबॉट जाहीर केला, तेव्हा तो अ‍ॅडम्सच्या गाइडवर बेतलेला आहे असं अभिमानानं सांगितलं. चुकांनी भरलेलं, पण चटपटीत बोलणारं पुस्तक, आणि मुद्दाम बसवलेलं 'व्यक्तिमत्त्व': ज्याची खिल्ली उडवली होती तेच आता विक्रीचं वैशिष्ट्य. स्टानिस्वाव लेमच्या 'सायबेरियाड'मध्ये (१९६५) त्रुर्ल कविता करणारं यंत्र बनवतो. त्यासाठी आधी टनावारी कविता वाचतो. यंत्र चालू झाल्यावर चांगले कवी उद्ध्वस्त होतात. सुमार कवींना मात्र काहीच होत नाही, कारण आपण हरलोय हे कळायला लागणारी जाण त्यांच्यापाशी नसते. हा उतारा हल्ली 'लेमनं एआय ओळखलं होतं' अशा मथळ्याखाली फिरतो. त्यातला कवींना मारलेला टोमणा कुणी वाचतच नाही.

फिलिप के. डिकच्या 'युबिक'मधलं (१९६९) दार मला म्हणूनच जवळचं वाटतं. जो चिपच्या स्वतःच्या घराचं हे दार उघडायला दर वेळी पाच सेंट मागतं. ही बक्षिशी आहे, सक्ती नाही, असा त्याचा दावा. दार म्हणतं, खरेदीचा करार काढून वाचा. तो वाचतो, दाराचंच बरोबर निघतं. २०२२ साली बीएमडब्ल्यूनं काही देशांत सीट गरम करायची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली. हीटर गाडीत आधीच बसवलेला, फक्त कुलूपबंद. लोकांनी दाद दिली नाही, तेव्हा पुढच्या वर्षी कंपनीनं तो नाद सोडला. जो चिप मात्र वाट पाहत बसत नाही. तो सरळ सुरी आणून दाराचे स्क्रू काढायला लागतो. दार त्याला कोर्टात खेचायची धमकी देतं, आणि तो स्क्रू काढतच राहतो.