क्लचप्लेट बदलण्याआधी

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतली शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात एकेकाळी तयार होणारी ही फियाट ११०० आता उरली आहे ती हौशी मालकांच्या जिव्हाळ्यावर. या मालकांना छळणारे एक दुखणे असे: नवी क्लचप्लेट बसवली, गाडी चार दिवस छान चालली आणि काही महिन्यांत गिअर पुन्हा अडू लागला.

कारण समजायचे तर आतली रचना पाहावी लागेल. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते आणि प्रेशर प्लेट क्लचप्लेटला त्यावर दाबून धरते. क्लचप्लेटच्या मधोमध गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आत नेणारा दांडा, बसतो. त्याचे पुढचे टोक क्रँकशाफ्टमधल्या छोट्या पायलट बुशमध्ये टेकलेले असते. पेडल दाबले की प्लेटवरचा दाब सुटतो आणि दांडा मोकळा होतो.

क्रँकशाफ्ट आणि इनपुट शाफ्ट यांचे मध्य एकाच रेषेत असतील तरच हे सुरळीत चालते. रेषा केसभर जरी सरकली, तरी फ्लायव्हीलला चिकटलेली प्लेट एका मध्याभोवती फिरते आणि तिचा गाभा दुसऱ्याभोवती. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तो गाभा सेकंदाला ५० वेळा मुरडला जातो. मग त्याच्या स्प्रिंगा सैल होतात, गाभ्याला तडे जातात, पायलट बुश एका बाजूने झिजतो आणि पेडल पूर्ण दाबूनही दांडा थांबत नाही.

गिअरबॉक्स न उतरवताही बरेच कळते. गाडी उभी, इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला दातांचे वेग जुळवणारी सोय सहसा नसते. त्यामुळे कचकच झाली तर क्लच नीट सुटत नाही हे नक्की. पण याचा अर्थ रेषाच बिघडली असा नाही. आधी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटू लागण्याआधीची मोकळी हालचाल, आणि क्लचची जोडणी तपासावी. दोष तिथे असेल तर काम फारच स्वस्तात होते.

त्यानंतर कान द्यावा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. पेडलला पाय लागताच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगवर. गाडी उभी असताना गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून धरल्यावर आवाज येत असेल, तर पायलट बुशवर, कारण तेव्हा क्रँकशाफ्ट फिरतो आणि दांडा स्थिर असतो. सुटताना गाडी थरथरते ती बहुधा प्लेटवर उतरलेल्या तेलामुळे किंवा बसलेल्या इंजिन माउंटिंगमुळे.

गिअरबॉक्स उतरवलाच, तर झिजलेल्या प्लेटइतकेच लक्ष डॉवेल पिनांकडे द्यावे. इंजिन आणि बेल हाऊसिंग, म्हणजे क्लचवरचे घंटेसारखे कवच, यांना जागेवर धरणाऱ्या या छोट्या खुंट्या. इंजिन बदललेल्या गाड्यांत त्या हरवलेल्या सापडतात. नुसत्या बोल्टांवर रेषा राहत नाही. कवच सुटे असेल तर ते एकटे इंजिनावर बसवून, फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँकशाफ्ट एक फेरा फिरवावा आणि कवचाच्या मधल्या भोकाची कड मोजावी. सर्वांत मोठ्या आणि लहान आकड्यांतला फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. प्रत्यक्ष सरक या फरकाच्या निम्मी असते, हे दुरुस्तीच्या वेळी विसरू नये.

बिघाड कित्येकदा बसवतानाच होतो. जॅक नीट न लावता गिअरबॉक्सचे वजन दांड्यावर लोंबकळत ठेवले किंवा बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला, की नवी कोरी प्लेट तिथेच वाकते.

म्हणूनच मोजमापाशिवाय प्लेट बदलण्याची आपल्या गॅरेजांमधली सवय मोडायला हवी, असे आम्हाला वाटते. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यातच जातो. तो खाली असताना गेज लावायला फारसा जादा वेळ लागत नाही. मालकाने काम देतानाच हे आकडे लिहून मागावेत आणि जुनी प्लेट टाकू न देता तिचा गाभा स्वतः पाहावा.