एक गाव, एक होळी

फाल्गुन पौर्णिमेची होळी म्हटली की लाकूड हवेच, असे म्हणणारे दवनीवाड्यासारख्या झाडीपट्टीतल्या गावात चाकोल्या विसरतात. मधोमध भोक पाडलेल्या या छोट्या शेणगोवऱ्या पोरे आधीच थापून वाळवतात, माळा ओवून होळीला वाहतात. म्हणजे जंगलाला हात न लावणारे जळण परंपरेतच आहे. शेण कमी झाले, ही तक्रार खोटी नाही: ट्रॅक्टर आला, गोठ्यातले बैल गेले. पण म्हणून राखीव जंगलात कुऱ्हाड चालवणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाच ठरते. आळीआळीत वेगळी होळी पेटवण्याचा हट्ट (त्यात निवडणुकीचे रुसवेही असतात) सोडला, तर घरोघरची एकेक माळ गावच्या एका होळीला पुरावी. ग्रामसभेने यंदा तेवढा ठराव करावा.