बदलबंदी आणि प्रयोग

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी आज पुण्यास, बंगळूरास अथवा परदेशी संगणकाच्या व्यवसायात आहे. ‘सध्या कोड फ्रीझ आहे’ हे शब्द त्यांच्या तोंडून आपल्या कानी पडतात. नवी आवृत्ती लोकांच्या हाती देण्यापूर्वी काही काळ सॉफ्टवेअरमध्ये नवे काही घालावयाचे नाही, केवळ दोष काढावयाचे, असा त्याचा अर्थ. तरुणांना ही बदलबंदी कल्पकतेच्या पायांतील बेडी वाटते. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही; बंदी लांबली की नव्या कामाचा हुरूप ओसरतो. परंतु बंदीच नसेल, तर आज दुरुस्त केलेले उद्याच्या नव्या भरीने पुन्हा बिघडते.

यातून वाट कशी काढावी, हे डेबियनकडून शिकावे. जगभरच्या स्वयंसेवकांनी चालविलेली ही संगणक-प्रणाली १९९३ साली सुरू झाली. तिच्या तेराव्या आवृत्तीसाठी १५ मार्च २०२५ रोजी बदलबंदी आरंभली आणि ९ ऑगस्ट रोजी ती आवृत्ती प्रसिद्ध झाली. बंदी एकदम लादली गेली नाही. टप्प्याटप्प्याने आवळत नेली. प्रथम पायाभूत भागांतील मोठे फेरफार थांबले. एप्रिलच्या मध्यापासून केवळ लहानसहान, नेमक्या दुरुस्त्या उरल्या. २७ जुलैपासून तर प्रत्येक बदलास प्रकाशन-मंडळाची संमती लागू लागली. या काळात ‘एक्सपेरिमेंटल’ नावाचे निराळे दालन मात्र उघडेच होते. ज्याला धाडसी प्रयोग करावयाचा, त्याने तो तेथे करावा.

या शिस्तीचा आपल्या भाषेशीही निकटचा संबंध आहे. ग्नोम ही प्रणाली दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते. तीत पडद्यावरील वाक्यांसाठी स्वतंत्र बंदी असते. ती लागू झाल्यावर अनुवादकांच्या मंडळास विचारल्याविना वाक्य बदलता येत नाही. कारण असे की, मूळ इंग्रजी वाक्यातील एक स्वल्पविराम जरी हलला, तरी त्याचा मराठी अनुवाद जुळेनासा होतो आणि वापरणाऱ्यास तेथे इंग्रजीच दिसते. मुंबई-पुण्यातील वाचक ते चालवून घेईल. परंतु परप्रांती वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी अक्षर दिसण्याच्या जागा आधीच थोड्या. एखाद्या हुशार तरुणाच्या अखेरच्या क्षणीच्या हौसेपायी त्यांतील एक जावी, हे परवडणारे नाही.

आमच्या पेडण्याकडील दशावतारात आख्यानाचे संवाद नट आयत्या वेळी रचतात. पूर्वरंगातील गणपती, सरस्वती, संकासुर मात्र ठरल्या रीतीनेच येतात. म्हणून कोणी त्या नटांना कल्पनाशून्य म्हणत नाही. स्वातंत्र्य कोठे घ्यावे आणि कोठे आवरावे, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी बंदी घालताना तिचा शेवटचा दिवस सांगावा आणि प्रयोगासाठी एक खोली मोकळी ठेवावी. तरुणांनी त्या खोलीतले सामान पाहुण्यांच्या पंगतीत आणू नये. इतके पाळले, तर दोघांचेही साधेल.