लेणी पांडवांची नाहीत, आपली पाटीही नाहीत



आज भांडायला बसलोय. आधी परक्यांशी, मग तुमच्याशी, शेवटी माझ्याशी.

मी सूतगिरणीत डॉफर. दहावी नापास. भरलेल्या कांड्या काढायच्या, रिकाम्या लावायच्या, पाळीभर हेच. माझ्या हातातून किती सूत जातं त्याचा हिशेब मालकाच्या वहीत आहे. सुतावर माझं नाव न्हाई. त्या सुताचं कापड होतं, कापडाचं फडकं होतं, फडकं उकिरड्यावर जातं. म्हणून असेल, टिकणाऱ्या गोष्टींचं मला वेड आहे. माझं गाव मावळात. मळवली स्टेशनावर उतरलं की एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले, आणि पुढे कामशेतच्या बाजूला बेडसे. दोन हजार वर्षं टिकलेलं काम माझ्या घरापासून पायी चालण्याच्या अंतरावर आहे.

लहानपणी आम्हाला सांगितलं, हे पांडवांनी एका रातीत कोरलं. कोंबडा आरवला आणि काम अर्धं राहिलं. आम्ही मान डोलावली. आता राग येतो. एका रातीत काय होतं ते रातपाळी केलेल्या माणसाला विचारा! कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, जवळपास तेवढंच उंच. आत ३७ खांब. हे बांधलेलं न्हाई. डोंगर आतून काढून टाकला आणि जे ठेवायचं तेवढं ठेवलं. काळा कातळ, लोखंडाची छिन्नी, हातोडा. एक घाव चुकला तर तुटलेला खांब पुन्हा जोडायची सोय नाही. असं काम रातीत होत न्हाई. त्याला माणसांची आयुष्यं लागतात.

मग ही थाप कुणाच्या सोयीची? गिरणीत मस्टरवरचे जादा तास खोडले की आमचे पैसे बुडतात. इथं वर्षंच्या वर्षं खोडली आणि अख्खा कामगार बुडवला. वेळ पुसला की घाम आपोआप पुसला जातो.

पण भिंती पुसल्या गेल्या नाहीत. कार्ल्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत वैजयंतीचा शेठ भूतपाल लिहून ठेवतो, जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह मी पुरं केलं. शेठच तो, नाव लावणारच! पण त्याच लेण्यात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे. वेणुवासाचा मुलगा. दाराचं काम त्याचं. तिथंच सुगंधी द्रव्यं विकणारा सिंहदत्त आहे. एकेक खांब देणारे यवन आहेत. दान देणाऱ्या भिक्षुणी आहेत. भाज्याला बाधा नावाची बाई आहे, नांगर हाकणाऱ्याची बायको. तिनेही दान दिलं आणि तिचं नाव दगडात गेलं. शेठ, सुतार, कुणब्याची बायको, परदेशी माणूस, सगळे एका भिंतीवर. पांडवांपैकी एकाचीही सही नाही.

कार्ल्याच्या दारात एकवीरेला येणाऱ्या कोळी-आगरी भावाबहिणींशी माझं भांडण नाही. तेही कष्टाचंच खातात. भांडण आहे ते थाप पसरवणाऱ्या शहाण्यांशी, ज्यांना ब्राह्मी वाचता येते आणि तरी ते गप्प बसतात.

आता तुमच्याशी.

आपल्यातला एक साथी म्हणतो, ‘दगडात काय ठेवलंय? भाकरीचं बोला.’ बोलतो. माझा पणजा मुंबईच्या गिरणीत होता. साचाखात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि महाराच्या थुंकीचा विटाळ इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. म्हंजे विटाळ भाकरीतूनच कापला जात होता. ज्याला पटवलंय की तुझ्या हाताने आजवर काही घडलंच नाही, तो पडेल त्या मजुरीला मान तुकवतो. दगडाचा आणि भाकरीचा संबंध एवढा सरळ आहे.

दुसरा साथी म्हणतो, ‘ही आमच्या बापजाद्यांची, रक्ताची लेणी.’ अस्पृश्य हे मूळचे बौद्ध, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये मांडला, तो मला माहीत आहे. पण मला कुणापुढे वंशावळ उलगडून हक्क सांगायचा नाही. गोत्र दाखवून मोठं होणं ही भटशाहीची रीत. मला कामाचं नातं पुरे. सामी सुतार माझा, कारण त्याच्याही तळहाताला घट्टे होते.

इंडोनेशियात सुलावेसी बेटावर गुहेच्या भिंतीवर कुणीतरी हात टेकवला आणि भोवती रंग फुंकला. पंजाची आकृती राहिली. २०१४ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, किमान ३९,९०० वर्षं जुनी. माणसाने मागे ठेवलेल्या अगदी जुन्या खुणांपैकी एक खूण म्हंजे त्याचा स्पर्श. आणि आपल्याला काय सांगितलं? शिवू नको! आपण या पत्रिकेसाठी स्टेन्सिल कापतो तेव्हा मला तो पंजा आठवतो. तोही स्टेन्सिलच.

आता तिसरे. परवा आपल्याच पोरांनी भाज्याच्या भिंतीवर रंगाने ‘जय भीम’ लिहिलं. विचारलं तर म्हणाले, ‘बदाम काढणारे प्रेमवीर चालतात, आम्ही का नको?’ न्हाई चालत! तेही न्हाई आणि आपणही न्हाई. बाधाच्या दानावर तुम्ही डबा ओतलात. पांडवांच्या थापेने जे केलं तेच तुमच्या ब्रशने केलं, खालचा माणूस झाकला.

हे मी कुठल्या तोंडाने बोलतोय? नववीत असताना मीच कोळशाने तिथं नाव लिहिलं होतं. एका म्हाताऱ्या रखवालदाराने मनगट धरलं. मारलं नाही. म्हणाला, ‘पोरा, इथं आधी लिहिलंय ते वाचता येतं का तुला?’ येत नव्हतं. ती लाज अजून उतरलेली नाही. त्या लाजेनेच मी ब्राह्मी शिकलो, रातपाळीनंतर, एकेक अक्षर गिरवत.

एक गोष्ट बघून या. भाज्याच्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग लाकडाचा होता. तो गेला, दगडात नुसती भोकं उरली. कार्ल्याच्या छताखालच्या कमानीही लाकडाच्याच, पण त्या सुमारे दोन हजार वर्षं जागेवर आहेत. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आपल्या घराची चौकट दहा वर्षांत कुजते. दोन्हीकडे लाकूडच, पण एकावर डोंगराचं छप्पर होतं.

आपलं लिखाण लाकूड आहे, मित्रांनो. हा कागद वीस वर्षांत पिवळा पडून तुटेल. त्याला छप्पर आपणच व्हायचं. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. मळवलीहून लोकलने तासाभराच्या आत पोचाल. त्या दिवशी आईच्या कडेवर, बापाच्या खांद्यावर बसून आलेली पोरं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. १८ जानेवारी १९८२ च्या संपातून उठून गावी परतलेले, माझ्या आज्यासारखे गिरणीवाले मावळात घरोघर होते. आजा गेला. त्याची हकीकत मी लिहून घेतली नाही. कोळशाने स्वतःचं नाव लिहायला मला वेळ होता, त्याचं नाव लिहायला नव्हता.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक शाखेत दोघांनी तरी ब्राह्मी शिकावी आणि रविवारी लेण्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सामीचं, बाधाचं नाव वाचून दाखवावं. प्रत्येकाने एका म्हाताऱ्यापुढे वही घेऊन बसावं. आणि प्रत्येक अंकाच्या पाच प्रती पाच वेगवेगळ्या घरांत, कोरड्या पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात.

रंगाचा डबा घरी ठेवा. वही घेऊन या.

जय भीम.