मुद्रा आणि मजकूर

आमच्या देवणीचे नाव बैलांनी गाजवले. कासरा धरून घट्टे पडलेल्या इथल्या हातांना अलीकडे नवाच उद्योग लागला आहे. अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मध्यमा आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल. हे टोक त्या टोकाला लावा, की मधुमेह पळालाच म्हणून समजा! शेजारच्या आजोबांनी तर गोळ्याच सोडल्या. पायाची जखम भरेना, तेव्हा सुनेने त्यांना दवाखान्यात नेले.

वाचकहो, मुद्रांशी माझे वैर नाही. अंगठा-तर्जनी जुळवून दहा मिनिटे स्वस्थ बसावे. श्वास संथ होतो, मन निवते. पण स्वात्मारामाच्या ‘हठयोगप्रदीपिके’त मुद्रा दहा, आणि बोटे जुळवण्याची त्यांत एकही नाही! १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीही योग श्रद्धेवर सोडला नाही, प्रयोगशाळेत पारखला.

मुद्रा म्हणजे मुळात शिक्का, हे आम्हा मराठीच्या मास्तरांना ठाऊक. शिक्का उठतो तो मजकुराखाली. पथ्य, चालणे, औषध हा मजकूर. तो आधी लिहावा, मग खुशाल बोटांची मुद्रा उठवावी. कोऱ्या कागदावरचा शिक्का कोणत्या कचेरीत चालतो?